दोन प्लॅन

खात्यात त्यांना सगळे मिलिमीटरबाई म्हणत. कॅन्सरच्या गाठीवर किरणं कुठून आणि किती सोडायची, याची आखणी त्यांच्याकडे होती, आणि केसाएवढी चूकसुद्धा त्या खपवून घेत नसत.

त्या सोमवारी त्यांच्यासमोर लिलावात बोली पुकारणाऱ्या एका माणसाची फाइल होती. जिभेच्या मुळाशी गाठ. बाईंनी दोन प्लॅन काढले होते. जुन्या पद्धतीत किरणं दोन्ही बाजूंनी सरळ आत शिरायची. गाठीबरोबर कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीही होरपळायच्या. नव्या पद्धतीत यंत्र किरणांना गाठीच्या आकारात बसवायचं आणि ग्रंथी बऱ्याचशा वाचायच्या. गाठीला डोस दोन्हीकडे सारखाच.

मोठ्या डॉक्टरांनी जुन्यावर सही ठोकली.

"सर, सही चुकून झाली का?" बाईंनी त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं.

"नाही. नव्या पद्धतीचे पेशंट पुरेसे झालेत. जुन्याचे अकराच आहेत. तुलनेचा अभ्यास करायचा तर दोन्हीकडे माणसं नकोत?"

"तोंड कशाने जास्त कोरडं पडतं हे जगाला कधीच कळलंय, सर. आणि या माणसाला विचारलंय का?"

"संमतीपत्रावर त्याची सही आहे."

"उपचाराला आहे. अभ्यासाला नाही."

"बाई, तुम्ही मिलिमीटर बघा. बाकीचं मी बघतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते अकरा प्लॅन त्यांच्याच हातचे होते. दर वेळी 'नव्या पद्धतीला यंत्र रिकामं नाही' एवढंच कानावर आलं, आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. डॉक्टरांचा राग आला होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त.

त्या तडक बाहेर गेल्या. बाकावर बसलेल्या त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला आपल्या खोलीत घेऊन आल्या आणि दोन्ही प्लॅन पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

"हे कानाखाली लाल कशाला दाखवलंय?" त्याने विचारलं.

"या लाळेच्या ग्रंथी. या प्लॅनमध्ये त्या कामातून जातील. घासागणिक पाणी लागेल, बोलताना जीभ टाळ्याला चिकटेल. बहुतेक कायमचंच."

"आणि या दुसऱ्यात?"

"त्रास यातही होईल. पण पुष्कळशी लाळ परत यायची शक्यता आहे. हमी नाही देत मी."

"मग पहिला काढलाच कशाला?" बायको म्हणाली.

"तुलनेसाठी यांना जुन्या गटात धरलंय," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "तुम्हाला न विचारता."

तो उठला. बाई आणि बायको त्याच्यामागे निघाल्या. भरल्या दालनात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्याचा आवाज. पण डॉक्टरांसमोर तो अगदी हळू बोलला.

"माझ्या तोंडाचा लिलाव केलात, आणि मलाच बोलावलं नाहीत?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. "फाइल बाहेर दाखवलीत तुम्ही?"

"त्यांची होती. त्यांना दाखवली."

त्याला नवी पद्धत मिळाली. बाईंना दुसऱ्याच दिवशी आखणीवरून काढून यंत्र तपासायच्या कामाला लावलं. त्यांनी रुग्णालयाच्या समितीकडे तक्रार केली, अकराही जणांची माहिती जोडून. समितीने अभ्यास थांबवला, डॉक्टरांकडून लेखी खुलासा घेतला आणि हात झटकले. डॉक्टर खुर्चीत तसेच. त्या अकरा जणांना कळवायचं मात्र कोणाच्याच मनात आलं नाही.

तेव्हा बाई स्वतःच फोन घेऊन बसल्या. पहिला नंबर एका शिंप्याचा होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. पलीकडून पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"आता हे कळून मी काय करू?" त्याचे शब्द एकमेकांना चिकटत होते.

"ते मला सांगता येत नाही. पण तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

पलीकडे त्याने कागद ओढला. मग म्हणाला, "त्या डॉक्टरांचं नाव सांगा. नीट, सावकाश. लिहून घेतो."

बाईंनी सांगितलं.

"आणि प्लॅन माझ्या हातचा होता," त्या म्हणाल्या. "खाली माझंही लिहा."