गोठलेल्या खाडीवर

मी एक जुनी बर्फगाडी आहे. मित्रांनो, मला चाकं नाहीत. लाकडाच्या दोन लांब पट्ट्यांवर मी घसरत जाते आणि रेनडिअर मला ओढतात. ध्रुवाजवळच्या यामालच्या उघड्या माळावर एदेयच्या वडिलांनी मला घडवलं, ते घरात सून येणार म्हणून. ती सून म्हणजे एदेयची बायको हादने.

हिवाळा आला की रेनडिअरांचा कळप घेऊन गोठलेली खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या झाडीत राहायचं, ही पिढ्यांची वहिवाट. पण सरकारनं जमिनीतला इंधनवायू जहाजांनी न्यायला उत्तरेला बंदर बांधलं. जहाजं बाराही महिने चालली पाहिजेत, असं ठरलं. बर्फ फोडत जाणारी जहाजं आली. हेलिकॉप्टरनं आलेला बंदराचा साहेब म्हणाला, "तुम्ही ओलांडाल त्या दिवशी वाहतूक बंद ठेवू. काळजी नको."

त्या वर्षी ठरलेल्या दिवशी एदेय कळप आणि तंबू घेऊन पुढे गेला. मागे माझ्यावर हादने, तिची तान्ही मुलगी आणि सासू. खाडीच्या मध्यावर भोंगा ऐकू आला. माझ्याखालचा बर्फ थरथरला. एक भलंमोठं जहाज समोरून बर्फ चिरत गेलं, आणि आमच्यात व एदेयमध्ये काळं पाणी उरलं.

वायरलेसवर पलीकडून एदेय बोलला. "साहेब म्हणतो, वेळापत्रक राजधानीत ठरतं."

"मग तंबूही राजधानीतूनच पाठव म्हणावं," सासू म्हणाली.

थंडी वाढत गेली. मुलगी रडायची थांबली, तेव्हा हादने तिचे गाल चोळू लागली.

पाण्यावर पुन्हा बर्फ धरला, पण पातळ. सासूनं काठी उचलली.

"आधी मी जाते. माझं वजन कमी."

"आई, नका ना जाऊ."

"पोर गार पडतेय, हादने. माझ्या पावलांवरूनच ये."

काठीनं ठोकत ती पार झाली. हादनेनं मुलीला अंगरख्यात घेतलं आणि रेनडिअरांना पुढे घातलं. मधेच बर्फ फुटला. माझी एक पट्टी मोडली, कडेचा रेनडिअर पाण्यात गेला. तो बाकीच्यांना खेचू लागला तशी हादनेनं त्याचा पट्टा कापला. त्यानं एकदा मान वर काढली. आम्ही पार झालो.

पुढच्या वर्षी एदेयनं कळप विकला. आता ते सरकारी वस्तीत राहतात, आणि मी कचेरीसमोर उभी असते. पाहुणे माझ्यावर बसून फोटो काढतात. बंदरातून भोंगा वाजला की हादने मुलीचा हात घट्ट धरते.

"आई, दुखतंय," मुलगी म्हणते. तरी हात सुटत नाही.

मित्रांनो, माझ्यावर बसून फोटो काढला नाहीत तरी चालेल. पण मोठे झाल्यावर नकाशावर जहाजांच्या वाटेची रेघ ओढायची वेळ आली, तर तिथून कोण चालत जातं, एवढं आधी विचारा.