मामांनी बांधलेली भिंत

त्या रविवारी सलोमीचं वर्गात लक्ष लागत नव्हतं. गदगच्या अलीकडच्या त्या गावात चर्चला लागून एक खोली होती, तिथं ती सात वर्षं संडे स्कूल घेत होती. आठवडाभर शिलाई मशीनवर परकर-पोलकी आणि रविवारी बावीस मुलं. नुसती गोष्ट सांगितली की मुलं जांभया देतात, म्हणून ती प्रत्येक धड्याचा खेळ करायची. आज तिनं फरशीवर खडूनं दोन मोठी वर्तुळं काढली होती. एक खडक, एक वाळू. येशूच्या गोष्टीत शहाणा माणूस खडकावर घर बांधतो आणि मूर्ख वाळूवर. ती एखादा प्रसंग सांगायची आणि मुलांनी शहाणपणाचं वाटलं तर खडकावर, मूर्खपणाचं वाटलं तर वाळूवर धावायचं.

"आईनं दळण आणायला पाठवलं आणि वाटेत गोट्यांचा डाव दिसला. मी तिथंच बसलो."

बावीसही जणं ओरडत वाळूत. ढकलाढकली, हसणं. सलोमीची नजर मात्र पुन्हा पुन्हा पश्चिमेच्या भिंतीकडे जात होती. उन्हाळ्यात काळी माती फाटली की गावातल्या बऱ्याच भिंतींना चिरा जायच्या, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण ही चीर फेब्रुवारीत नखाएवढी होती, आणि मागच्या रविवारी एका पोरानं तिच्यात पेन्सिल घातली तर ती पलीकडे अंगणात जाऊन पडली.

तिनं जयपालमामांना सांगितलं होतं. ते तिच्या आईचे सख्खे भाऊ, चर्चच्या मंडळीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. खोलीही त्यांनीच बांधलेली, स्वतः पाट्या वाहून. ते म्हणाले होते की पुढच्या रविवारी धारवाडहून पाहुणे यायचेत, मुलांचा कार्यक्रम ह्याच खोलीत व्हायचाय, तेव्हा उगीच गावभर बोंबलत फिरू नकोस.

खेळ चालू असताना नऊ वर्षांची केझिया वर्तुळांच्या मधेच उभी राहिली.

"अक्का, एखाद्याला काहीतरी वाईट दिसतंय, पण सांगितलं तर मोठी माणसं रागावतील. म्हणून तो गप्प बसला. मग तो कुठं?"

बाकीच्यांनी लगेच खडक-वाळू असा गलका केला. सलोमीनं घंटा वाजवून मुलांना घरी सोडलं.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. सुई दोनदा बोटात गेली. एका पोलक्याच्या बाह्या उलट्या जोडल्या. जेवताना मधेच उठून ती खोलीकडे जाऊन यायची, चिरेवर हात फिरवायची. आई म्हणाली की पोरी, तो तुझा मामा आहे, चारचौघांत त्याला मान खाली घालायला लावू नकोस.

रविवारी पाहुणे आले. मामांनी खोलीत खुर्च्या मांडल्या, पताका लावल्या. सलोमी मुलांना रांगेत घेऊन आली आणि दारापाशी थांबली. मग तिनं रांग वळवली आणि मुलांना चिंचेखाली नेऊन बसवलं. मामा धावत आले तेव्हा तिनं पाहुण्यांसमोरच सांगितलं, "मामा, त्या भिंतीचा मला भरवसा नाही. मुलं आत येणार नाहीत."

कार्यक्रम चिंचेखालीच झाला. खुर्च्या बाहेर आणल्या गेल्या. पाहुणे भले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा मात्र रिकाम्या खोलीत एकटे बसून राहिले, जणू भिंतीला पाठ लावून तिची खात्री द्यावी तसे.

आणि भिंत काही पडली नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. नळावर बायका सलोमीला विचारायच्या, काय गं, अजून उभीच आहे का? संडे स्कूल मामांनी स्वतःकडे घेतलं. चार मुलं जायची, बाकीच्यांच्या आया पाठवायच्या नाहीत. रविवारची सकाळ झाली की सलोमी घरात या दारातून त्या दारात फिरत राहायची.

जूनमध्ये चर्चच्या पाळकांनी गदगचा गवंडी आणला. त्यानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला की पाया एका बाजूला खचलाय, यंदा निभावेल, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. म्हणजे ती आणि मामा दोघंही खरे, किंवा दोघंही खोटे. सलोमीला त्यानं जराही हलकं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ती मामांच्या घरी गेली. ते ओसरीवर शेंगा फोडत होते. तिच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी भिंत पडायला हवी होती असं वाटलं का तुला?"

ती उंबऱ्याशीच उभी होती. नाही म्हणणं सोपं होतं.

"एकदा वाटलं, मामा. तुम्ही आत बसला होतात तरीसुद्धा."

मामांचा हात शेंगांवर थांबला. मग त्यांनी सूप थोडं बाजूला सरकवलं, तिला बसायला जागा होईल एवढं, आणि आत मामीला हाक मारून चहाला आणखी एक कप वाढवायला सांगितलं.

सलोमी बसली. सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन तीही फोडू लागली.