खुर्चीतला धाकू

राघोला खुर्च्या दोनच हव्या होत्या, आणि जुन्या हव्या होत्या. नव्या खुर्च्या ठाण्यातल्या सुतारानेही करून दिल्या असत्या. पण नव्या खुर्चीत बसलेला माणूस कालपरवा बसायला शिकला, हे लांबून कळतं, असं राघोचं म्हणणं होतं. हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. त्याच्या सात पिढ्यांत खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

राघो कळव्याचा, खाडीकाठचा मीठवाला. बाप धाकू मिठागरातच जन्मला आणि गेल्या श्रावणात तापाने गेला. मिठागराच्या मालकाचा कारभारी त्र्यंबकराव दरवर्षी चैत्रात यायचा. बांध कुणी घालायचा, किती माणसं लावायची, ते ठरायचं. म्हणजे त्र्यंबकराव ओट्यावर बसून ठरवायचा आणि धाकू खाली अंगणात उन्हात उभा राहून हो म्हणायचा. वीस वर्षं हेच. बांध फुटला की दुरुस्ती धाकूच्या गळ्यात. धाकू काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, त्र्यंबकराव नुसता बघायचा, की तोंड तसंच राहायचं. मरायच्या आदल्या दिवशी तो राघोला म्हणाला, "एकदा समोर बसून बोलाचं व्हतं रे." दुसरी काही इच्छा सांगितली नाही. बैल विकू नको एवढंही सांगितलं नाही.

तर हे खूळ राघोच्या डोक्यात बसलं ते तिथून. चैत्र तोंडावर आला होता. ठाण्याच्या तलावाजवळ एक जज्जसाहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. राघो तांबडं फडकं डोक्याला बांधून गेला.

शिसवी लाकडाच्या दोन जोडीच्या खुर्च्या एका कोपऱ्यात होत्या. पाठीला नक्षी अशी की हात ठेवायला सपाट जागा नाही. वेली, पानं, आणि मधोमध दाढीवाल्या माणसाचं तोंड. लिलाववाला म्हणाला, ह्या फिरंगाणातल्या, वसईला फिरंग्यांचं राज्य होतं तेव्हाच्या. राघोने मान हलवली आणि खुर्ची उलटी केली. लोक नक्षी बघत होते, हा बूड बघत होता. सांध्यांवर अंगठा फिरवला, ठोकून बघितलं, वास घेतला. सगळीकडे लाकडी खुंट्या होत्या.

"खिळा नाय," तो म्हणाला.

मिठाच्या गावात लोखंड दोन पावसाळ्यांत भुगा होतं. ज्यात खिळा नाही ती वस्तू खरी, एवढीच त्याची पारख. वसईचं राज्य गेलं, खुंट्या राहिल्या. त्याचं समाधान झालं.

"बसून बघा की," लिलाववाला म्हणाला.

"आता नाय," राघो म्हणाला. पहिल्यांदा बसायचं ते त्र्यंबकरावासमोरच, हे ठरलेलं होतं. न बसता खुर्च्या घेणारं गिऱ्हाईक लिलाववाल्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल. जज्जसाहेबाच्या बटलरने विचारलं, घरी साहेब येणार आहे का? राघो म्हणाला, नाय, मीच हाय.

होडीतून खुर्च्या खाडीपार आल्या. दोन्ही मधोमध ठेवल्या होत्या आणि राघो त्यांना धरून उभा होता. काठावरच्या बायका बघत राहिल्या. घरी बायको ठमाबाईने एकदा खुर्च्यांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"जुन्या हायेत?"

"दीडशे वरसांच्या."

"आन् जुन्या म्हनून महाग?"

"व्हय."

"मग आपली बाज काढा इकायला," असं म्हणून ती चुलीकडे गेली. तिचं काय चुकलं?

खुर्च्या ओट्यावर मांडल्या. एक त्र्यंबकरावाची, एक आपली, तोंडाला तोंड. राघोची आई आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. काय आणलंस, दाखव, म्हणाली. म्हणजे हाताला दाखव. राघोने तिला खुर्चीपाशी नेलं.

तिची बोटं वेलीवरून गेली, पानांवरून गेली आणि तोंडापाशी थांबली. जाड नाक. खाली वळलेल्या मिशा. कपाळावर आठी. फिरंगी सुताराने तोंड अर्धवट उघडं ठेवलं होतं, त्यात बोट गेलं. आवडाबाईने ते काढलं नाही.

"राघो, ह्यो तुझा बाप हाय," ती म्हणाली.

"आये, ती फिरंग्यांची खुर्ची हाय."

"तोंड बग. बोलाला निंगाला आन् थांबला. चाळीस वरसं माझ्या समोर व्हतं हे तोंड." तिने ठमाबाईकडे कुंकू मागितलं.

"बरं, ती एक ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दुसरी तरी बसाला सोड."

म्हातारीने दुसरी चाचपली. "ह्यो पन तोच."

"दोन्हीकडं कसा आसंल?"

"जित्ता व्हता तवा एका जागी गावला कवा?"

दोन्ही कपाळांना कुंकू लागलं, दोन्ही बैठकींवर एकेक जास्वंद आलं. बापाच्या तोंडाला पाठ लावून कोण बसणार? चार दिवस राघो खुर्च्यांभोवती फिरला. एकदा घरात कुणी नाही बघून अर्धा वाकलासुद्धा. मग उघड्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तसाच सरळ झाला. बापासाठी आणल्या, आणि बापानेच अडवल्या.

त्र्यंबकराव आला तो दुपारी, छत्री घेऊन. राघो नेहमीच्या जागी अंगणात होता. पाय आपोआप तिथेच गेले होते. त्र्यंबकराव ओट्यावर चढला, खुर्च्या पाहून थबकला.

"काय रे राघ्या, हे कुठून आणलंस? उत्तम काम आहे." आणि धोतर सावरून बसायला वळला.

"कारभारी, तितं नका बसू," आवडाबाई म्हणाली. "तितं धाकू बसलाय."

त्र्यंबकराव वळून बघू लागला. कुंकू, फूल, उघडं तोंड. ते त्याने ओळखलं की नाही कोण जाणे, पण कुंकू लावलेल्या वस्तूवर बसायची त्याची छाती झाली नाही. दुसरीकडे बघितलं, तिथेही तेच.

"मग मी बसू कुठे?"

ठमाबाईने खाली घोंगडी घातली. घोंगडीला विटाळ नाही, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. त्र्यंबकराव बसला. दोन्ही खुर्च्या त्याच्या डोक्यावरून बघत होत्या.

"राघो," आई म्हणाली, "उभा कशाला? वर ये. बापाच्या पायाशी बस."

लेकाने बापाच्या पायाशी बसू नये, असं कुठल्या कारभाऱ्याला म्हणता येईल? त्र्यंबकरावाने छत्री जवळ ओढून घेतली. राघो ओट्यावर चढला, खुर्चीच्या पायाला खांदा लावून बसला. समोर त्र्यंबकराव, एका हाताच्या अंतरावर, जमिनीला जमीन. त्याच्या डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत, हे राघोला आजच दिसलं.

बांधाचं बोलणं झालं. राघोने तोंड उघडलं आणि ते नुसतं उघडं राहिलं नाही, बोललं. भरतीने फुटला तर मालकाने बांधायचा, आमच्या हयगयीने फुटला तर आम्ही. त्र्यंबकराव एकदोनदा नुसता बघायला लागला, पण बघताना नजर वर खुर्चीवर जायची आणि परत यायची. शेवटी बरं म्हणाला.

निघताना त्याने छत्री काखेत घेतली. समोर कुंकू आणि फूल. जन्माची सवय, हात आपोआप जुळले. आधी एका खुर्चीला वाकून नमस्कार केला, मग दुसरीला, आणि पायऱ्या उतरून गेला.

राघो खांबाला धरून उभा होता. डोळे भरून आले होते, पुसायचं भान नव्हतं.

"गेला का?" आईने विचारलं.

"गेला. वाकून नमस्कार करून गेला, आये. दोन येळा."

म्हातारीने खुर्चीकडे हात लांब केला.

"तुझा बाप उठला नाय ना?"

"नाय, आये," राघो म्हणाला. "बसूनच व्हता."