वकीलबाईंचा मार खाल्लेला पुतळा

मी एक जुना पुतळा आहे. चौकातल्या दगडी थोर माणसाचा नव्हे हं! कपड्यांच्या दुकानात काचेमागे नवे कोट घालून उभा राहतो ना, त्यांपैकी. आज मला उजवा हात नाही, पोटावर टाके आहेत आणि जबडा तारेने बांधलेला आहे. लहान मुलं मला पाहून आधी घाबरतात आणि मग हळूच बोट लावून बघतात. मित्रांनो, घाबरू नका. जवळ या, सगळं सांगतो.

माझा जन्मच मुळी ठोकाठोकीतून झाला. कागदाचा लगदा कुटला, साच्यात दाबला, भट्टीत भाजला. लाकडाचे हात करून खांद्याच्या खोबणीत अडकवले. मग रंग लावला आणि मी देखणा झालो. दुकानात माझा थाट काय वर्णावा! रस्त्यावरची माणसं थांबून माझ्याकडे पाहायची. माझ्या शेजारी दुकानाचा विक्रेता उभा असायचा. रोज सकाळी तो माझा कोट झटकायचा आणि म्हणायचा, "काय साहेब, आज गिऱ्हाईक आणणार ना?"

एका दुपारी एक मालट्रक काच फोडून सरळ आत घुसला. माझी मांडी फुटली आणि शेजारच्या विक्रेत्याच्याही मांडीचा चुरा झाला. मी लगद्याचा, म्हणून मला काही कळलं नाही. तो मात्र काचांमध्ये पडून गुरासारखा ओरडत होता. ते ओरडणं मी आजही विसरलेलो नाही.

त्याचा खटला एका तरुण वकीलबाईंनी घेतला. त्यांचा तो पहिलाच खटला. ट्रकमालकाचा वकील म्हणाला, "थोडंसं खरचटलंय हो, महिन्याभरात पळायला लागेल." दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी मला कोर्टात आणलं आणि न्यायाधीशांच्या पुढ्यात आडवं केलं. "साहेब, हा त्याच्या शेजारी उभा होता. याच्या मांडीत हात घालून बघा." न्यायाधीशांनी हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी तो झटकन बाहेर काढला आणि बराच वेळ रुमालाने पुसत राहिले.

खटला जिंकला आणि बाईंनी मला दुकानदाराकडून मागून घेतलं. त्या दिवसापासून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. नोकरी कसली, रोजचा मार!

बाईंची कामाची रीतच तशी होती. अशिलाला जिथे लागलं असेल तिथे आधी मला लागायचं. कारखान्यातल्या यंत्राच्या फिरत्या रुळात कुणाचा जबडा सापडला की हातोडी माझ्या जबड्यावर. लिफ्ट तुटून कुणी पडलं की मला जिन्यावरून खाली ढकलायचं. उकळतं पाणी, करवत, लोखंडी कांब, काही म्हणून बाकी राहिलं नाही. बाईंचे कारकून काका मला खांद्यावर टाकून कोर्टात न्यायचे. सकाळी आल्या आल्या विचारायचे, "बाई, आज कुठे मोडायचंय याला?" मी मनात म्हणायचो, काका, एकदा तुम्हीच झोपा की या टेबलावर!

पण बाई दुष्ट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. एकदा काका चिडून म्हणाले, "हे कशाला? कागदावर सगळं लिहिलेलं आहे ना?" बाई म्हणाल्या, "काका, 'गंभीर दुखापत' असं वाचलं की लोक जांभई देतात. हाड मोडल्याचा आवाज ऐकला की जांभई अर्धीच राहते." असं बोलून त्या माझ्या फुटलेल्या बरगडीवर हात ठेवून बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मग उठल्या आणि दुसरी बरगडी फोडली.

पुढे डॉक्टरांविरुद्धचे खटले येऊ लागले. एका डॉक्टरने शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या पोटात पट्टीचं कापड विसरून टाके घातले होते. बाईंनी कोर्टात माझं पोट टराटरा फाडलं आणि आतून ते कापड ओढायला सुरुवात केली. ओढत राहिल्या, ओढत राहिल्या. मागच्या बाकावरची एक बाई उठून बाहेर पळाली. विरुद्ध बाजूचे वकील ओरडले, "हे कोर्ट आहे की भातुकली?" पण खटला तेच हरले. माझं नाव झालं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला! खरं सांगतो मित्रांनो, तेव्हा मला माझ्या भोकांचा गर्व वाटायचा.

आणि मग एक दिवस शिवणताई आल्या.

त्या कपडे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिवणताई म्हणत. फळीवरचा तागा काढताना त्या स्टुलावरून पडल्या आणि उजवा खांदा निखळला. दवाखान्यातल्या डॉक्टरने एक्स-रेबिक्स-रे काही काढला नाही. नवऱ्याला नावनोंदणीचा कागद करायला खिडकीवर पाठवलं, दार लावलं, काखेत टाच रोवली आणि हात ओढला. आतली मोठी रक्तवाहिनी फाटली. हात गार पडला, मग निळा, मग काळा. शेवटी तो खांद्यापासून कापून टाकावा लागला.

डॉक्टर कोर्टात शांतपणे म्हणाला, "हात आधीच बधिर असणार. या ताईंनी हूं की चूं केलं नाही. ओरडल्या असत्या तर मी तिथेच थांबलो असतो."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यामुळे त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. ताईंच्या घरीसुद्धा! सासूबाई उठता बसता म्हणायच्या, "तोंड उघडलं असतंस तर आज हात असता." नवरा भला माणूस, पण एकदा त्यानेही विचारलं, "अगं, तू ओरडली का नाहीस?" आमच्या कचेरीत बसून ताईंनी हे सांगितलं आणि डाव्या हाताने टेबलावर मूठ आपटली. "बाई, गेलेला हात काही परत येत नाही. पण मी ओरडले होते! घसा फुटेस्तोवर ओरडले होते. एवढं एक माझ्या घरच्यांना कळू दे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळखलं, आता आपला खांदा.

पण या वेळी त्यांनी हातोडी उचलली नाही. कोर्टात मला टेबलावर झोपवलं आणि डॉक्टरला म्हणाल्या, "खांदा कसा बसवलात, दाखवा. आणि साहेब, माझ्या अशिलाला शेजारी उभं राहून तेव्हा ती काय म्हणाली ते म्हणू द्यावं." विरुद्ध बाजूच्या वकिलांनी कुरकुर केली. न्यायाधीशांनी परवानगी दिली.

डॉक्टरने बूट काढला आणि टाच माझ्या काखेत टेकवली. नव्या नवरीचा हात धरावा तसा माझा हात धरून त्याने हलकेच ओढला.

"एवढ्या जोराने खांदा बसतो?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग बसतो तेवढ्या जोराने ओढा. का ताकद नाही?"

लोक हसले. डॉक्टरचे कान लाल झाले. त्याने माझं मनगट दोन्ही हातांनी आवळलं आणि तो मागे रेलला. लाकूड करकरलं.

"दुखतंय, डॉक्टर," ताई म्हणाल्या.

त्याने आणखी ओढलं. कपाळावर घाम आला. जोर लावताना तो कोर्ट विसरला, लोक विसरला. त्याने माझा हात पिळला.

"सोडा! आत काहीतरी फाटतंय. सोडा हो!" ताईंचा आवाज चिरकला. त्या काही नाटक करत नव्हत्या. उरलेल्या हाताने त्यांनी आपली रिकामी बाही घट्ट धरली होती. "सोडा!"

"परत तेच!" डॉक्टर मान न वळवता खेकसला. "सांगितलं होतं ना, आरडाओरडा करू नको म्हणून!"

काडकन माझा हात निघाला. तो हातात घेऊन डॉक्टर मागच्या बाकावर जाऊन आदळला.

मित्रांनो, माझा हात निघाला त्याला काही अर्थ नव्हता. माझे हात मुळात निघण्यासाठीच केलेले आहेत आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांनी तसं लगेच सांगितलंही. बाई हो म्हणाल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कधी सांगितलं होतंत, डॉक्टर?"

आज कोर्टात त्याने तसं कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगितलं होतं ते त्या दिवशी, बंद दाराआड. माझा हात अजून डॉक्टरच्या मांडीवर होता.

शेवटच्या बाकावरून ताईंचा नवरा उठला. लोकांना ओलांडत पुढे आला आणि ताईंच्या पायाशी खाली बसला. त्याने त्या रिकाम्या बाहीचं टोक दोन्ही हातांत धरलं.

"ऐकलंत ना?" ताईंनी विचारलं.

"ऐकलं गं," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला. कारकून काकासुद्धा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होते.

त्या डॉक्टरला पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावता आला नाही. ताईंच्या सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि रोज सकाळी सुनेची वेणी घालायला बसू लागल्या.

पुढे काळ बदलला. नवे वकील पडद्यावर चित्रं दाखवू लागले. बाई थकल्या, काका घरी बसले आणि मी मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीत पडलो. अंगावर धूळ साचली, उंदरांनी माझी टाच कुरतडली. इतका मार खाल्ला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, पण तिथे कुणी मारायलाही येत नव्हतं त्याचं फार वाईट वाटलं. कचेरी रिकामी करायची वेळ आली तेव्हा मला भट्टीत टाका असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "खबरदार! तो माझा साक्षीदार आहे."

ताई होत्या. आता मी त्यांच्या शिवणवर्गात उभा आहे. त्या डाव्या हाताने कापड बेततात आणि मुलींना शिकवतात. माझा निघालेला हात त्यांनी परत बसवला नाही. तो खिडकीत ठेवला आहे.

मुलींची धाकटी भावंडं इथे खेळतात. एकमेकांचे हात ओढतात, पिरगाळतात. कुणीतरी "सोड!" म्हणतं. दुसरं हसत आणखी ओढतं. तेव्हा ताई खिडकीतला तो हात उचलून त्यांच्यासमोर ठेवतात. मुलं लगेच सोडतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणी "दुखतंय" म्हणालं तर ते खरं की खोटं ते नंतर ठरवा, आधी हात सोडा. मला जन्मभर मारलं, फाडलं, मोडलं, पण मला ओरडता येत नव्हतं. ज्याला येतं, त्याचं तरी ऐका.