त्या शनिवारी बाबाचा हात थरथरला नाही

मित्रांनो, या खोलीतली घसरगुंडी, रंगीत ठोकळे आणि एका डोळ्याचं अस्वल बघून झालं, की तुमची नजर कधीतरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्याकडे जाते. तुमचे आईबाबा आता वेगळे राहतात, म्हणून तुम्हाला कोर्टातल्या या मुलांच्या खोलीत यावं लागतं. मी इथला कॅरम बोर्ड. वयाने तुमच्या आईबाबांएवढाच असेन. मी मूळचा इथला नाही. इथे कसा आलो आणि इथेच का राहिलो, ते आज तुम्हाला सांगतो.

रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत, त्यांच्या मागच्या एका लहानशा कारखान्यात मला दगडू मिस्त्रीने घडवलं. तो मला दिवसभर पॉलिश पेपरने घासत बसला होता. शेवटी त्याने स्ट्रायकर सोडून पाहिला. तो समोरच्या कडेला आपटून सरळ त्याच्याच बोटांपाशी परत आला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "हा बोर्ड खोटं खेळणार नाय." काही बोर्डांना कुठेतरी उतार असतो, सोंगटी हळूच एका बाजूला ओढली जाते. मला तसा उतार नव्हता.

मला विकत घेतलं लवूने. तो मूळचा कोकणातला, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काम करायचा आणि भोईवाड्याजवळच्या चाळीत राहायचा. डोक्यावर धरून त्याने मला घरी आणलं, तेव्हा त्याची बायको सुभद्रा म्हणाली, "ह्या खंय ठेवतलास? आपणाक पाय पसरूक जागा नाय." तरी तिनेच माझ्यासाठी जुन्या लुगड्याची खोळ शिवली.

माझे ते दिवस फार सुखाचे गेले. रविवारी मला गॅलरीत पिंपावर ठेवायचे. पावडर उडायची, चहा यायचा, चौघे खेळायचे आणि दहाजण शिकवायचे. लवूचा मुलगा वैभव स्टुलावर उभा राहून खेळायला शिकला. "हात नको हलवू, नुसतं बोट सोड," लवू त्याला सांगायचा. तेराव्या वर्षी वैभवने गणपतीतल्या स्पर्धेत मोठ्या माणसांना हरवलं. त्याच्याइतकं हलकं बोट मला पुन्हा लागलं नाही.

पुढे लवूची गिरणी बंद झाली आणि तिच्या जागेवर काचेची उंच इमारत उभी राहिली. वैभवला त्याच इमारतीत एसीच्या देखभालीचं काम मिळालं. गिरगावातल्या सुमेधाशी त्याचं लग्न झालं. ती विमा कंपनीत होती, बोलायला शांत आणि कामाला चोख. त्यांना मुलगी झाली, मनू. ती चार वर्षांची झाल्यावर वैभव तिला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायला लागला. तिचं इवलंसं बोट धरून तो स्ट्रायकर मारायचा, आणि सोंगटी पडली की ती टाळ्या वाजवायची.

वैभव प्यायला कधी आणि कशामुळे लागला, हे मला सांगता येणार नाही. लवू गेला त्याचं दुःख म्हणावं, तर ते सुभद्रेलाही होतंच. मला समजलं ते त्याच्या बोटावरून. सकाळी खेळायला बसला की त्याचा हात थरथरायचा, स्ट्रायकर वेडावाकडा जायचा. मग तो "पाणी पिऊन येतो" म्हणत आत जायचा. परत आला की तोंडाला वेलचीचा वास आणि हात एकदम स्थिर. मग एकेक सोंगटी सरळ पॉकेटमध्ये.

एकदा मनू म्हणाली, "बाबा, तू आत जाऊन आलास की तुझा हात बरा होतो."

तेव्हा ती सहा वर्षांची होती. वैभवने मान वर केली नाही. आत सुभद्रा मोरीत त्याचा ग्लास विसळत होती. तो तिने पुसून फळीवर मागे ठेवला.

सुमेधा बोलायची. आधी समजुतीने, मग रडून, मग भांडून. पुढे तिची झोप उडाली आणि डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. अशी दोन वर्षं गेली. मग एके दिवशी मनूला शाळेतून आणायची पाळी वैभवची होती आणि तो गेला नाही. मुलं गेली, बाई गेल्या, शिपाई दिवे घालवायला लागला, तरी मनू दप्तर पाठीवर घेऊन फाटकापाशी उभी होती. शेवटी शिपायाने सुमेधाला फोन केला. मनूला घेऊन ती घरी आली तेव्हा वैभव माझ्या शेजारी जमिनीवर झोपला होता. सुमेधाने त्याला उठवलं नाही. मनूचे कपडे पिशवीत भरले आणि तिला घेऊन ती गिरगावला, आपल्या वडिलांकडे, निघून गेली.

त्यानंतर घटस्फोटाचा दावा लागला. मनू कोणाकडे राहणार, हा त्यातला मोठा प्रश्न. सुमेधाने वैभवच्या दारूबद्दल लिहून दिलं. वैभवने घरी वकिलाला बोलावलं. वकील माझ्यावरच कागद पसरून बसला आणि म्हणाला, "त्यांनी तुम्हाला व्यसनी म्हटलंय. तुम्हीही काहीतरी लिहायला हवं. मिसेस कसल्यातरी गोळ्या घ्यायच्या ना?"

"झोपेच्या. डॉक्टरांनी दिलेल्या."

"किती घ्यायच्या, ते कोणी मोजलंय?"

सुभद्रा दारातून म्हणाली, "वैभवा, असा लिव नको रे." वैभवने सही केली. मुलीला सांभाळायला नालायक आहे, गोळ्यांची नशा करते, असं त्या कागदावर सुमेधाबद्दल लिहिलेलं होतं. मित्रांनो, त्या सहीचं पेन माझ्यावर टेकलं होतं. मला तेव्हा बोलता आलं असतं, तर मी बोललो असतो.

कोर्टाने ठरवून दिलं, की निकाल लागेपर्यंत मनू आईकडे राहील आणि वैभवने तिला महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन तास या खोलीत भेटावं. तो पिणं सोडून राहिला, तर पुढे तिला रविवारी घरी न्यायची परवानगी मिळेल. वैभव व्यसनमुक्ती केंद्रात जायला लागला. पहिल्या भेटीला त्याने मला टॅक्सीच्या टपावर बांधून आणलं. या खोलीची देखरेख करणाऱ्या दुर्गाताई आधी नको म्हणाल्या. पण मनू मला बघून धावत आली आणि त्यांनी मला आत घेतलं.

त्या दिवशी वैभवचा हात खूप थरथरत होता. समोरची सोंगटीसुद्धा त्याला लागेना. मनू घाबरून त्याच्या हाताकडे बघत राहिली. तेव्हा तो हळूच म्हणाला, "घाबरू नको, मनू. थरथरतोय म्हणजे मी घेतलेली नाही. औषध चालू आहे. हळूहळू थांबेल."

मनूने ते मनाशी पक्कं धरलं. पुढच्या भेटींमध्ये त्याचा नेम चुकला की तिचा चेहरा खुलायचा. कधी ती आपला तळहात त्याच्या थरथरत्या हातावर ठेवायची. चार शनिवार असे गेले. वैभव चारही वेळा हरला आणि चारही वेळा मनू उड्या मारत आईकडे गेली. इतक्या वाईट खेळाचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पाचव्या भेटीच्या शनिवारी वैभव उशिरा आला. खूप बोलत होता, हसत होता. त्याने पहिलाच स्ट्रायकर सोडला आणि सोंगटी पॉकेटमध्ये गेली. मग दुसरी. मग राणी, आणि लगेच तिचं कव्हर. त्याचं बोट माझ्यावर दगडासारखं स्थिर होतं. वेलचीचा वास आला. मनूने आपला स्ट्रायकर उचललाच नाही.

"अगं, खेळ ना. तुझी पाळी."

"तूच खेळ, बाबा," ती म्हणाली.

वेळ संपल्यावर वैभव बाहेर गेला. थोड्या वेळाने न्यायाधीश बाई मनूशी बोलायला खोलीतच आल्या. त्या आपलं पद वगैरे विसरून लहान मुलांच्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोण जिंकलं आज?"

"बाबा. आज त्याचा हात थरथरला नाही."

"अरे वा. चांगलंच झालं की."

मनू एकेक सोंगटी डबीत भरायला लागली. बाई उठायला लागल्या. "नाही मॅडम," ती म्हणाली. "चांगलं नाही. तो पिऊन आलाय. प्यायला की त्याचा हात थांबतो." आणि मग एकदम रडायला लागली. "मी सांगितलं हे त्याला सांगू नका. तो परत येणार नाही."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी वैभवची तपासणी करायला सांगितलं आणि तीत तो प्यायलेला निघाला.

दार अर्धवट उघडं होतं. वैभव बाहेर सुमेधासमोर उभा होता. "कोणी सांगितलं त्यांना? पोरीला पढवून आणलंस ना तू?"

सुमेधा त्या दिवशी त्याच्या जवळपासही गेली नव्हती. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने दारातून मनूकडे पाहिलं. मनू भिंतीला चिकटून उभी होती, तोंडावर दोन्ही हात दाबून. सुमेधाला सगळं कळलं.

"तिला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "मी सांगितलं. मला वास आला होता."

"तुला हेच हवं होतं."

"हो," सुमेधा म्हणाली.

तो मला न घेताच निघून गेला.

पुढे घटस्फोट झाला. गोळ्यांचा आरोप खोटा ठरला आणि मनू आईकडेच राहिली. वैभवने उपचार पुरे करेपर्यंत भेटी बंद झाल्या. त्याने केंद्र मध्येच सोडलं, पुन्हा गेला, पुन्हा सोडलं. त्यानंतर तो इथे आला नाही.

काही महिन्यांनी सुभद्रा मला न्यायला आली. सुमेधानेच तिला निरोप पाठवला होता आणि आजीची भेट व्हावी म्हणून मनूलाही घेऊन आली होती. मनू आता उंच झाली होती. ती आजीच्या कुशीत शिरली आणि तोंड लपवूनच म्हणाली, "आजी, आईने नाही सांगितलं. मी सांगितलं."

"माका ठाऊक आसा," सुभद्रा म्हणाली. "तू खरा सांगलंस गो बाय. माका इतकी वर्सां जमला नाय. मी गिलास धुवीत रवलंय."

सुमेधाने तोंड फिरवलं. सुभद्रेने पदराने डोळे पुसले आणि मनूला म्हणाली, "ह्यो बोर्ड तुझ्याकडे ठेव. तुझ्या आजोबाचो आसा."

मनूने माझ्याकडे पाहिलं. "नको, आजी. मला नाही खेळायचं आता." ती चिडून बोलली नाही, म्हणून ते मला जास्त लागलं. सुभद्रेलाही मला पुन्हा त्या घरात न्यायचं धैर्य झालं नाही. दुर्गाताईंनी मला पुसून भिंतीशी उभं केलं. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला उद्या असंच काही विचारतील. तुम्ही खरं सांगितलंत आणि नंतर आई किंवा बाबा भेटायला आले नाहीत, तर ते तुमच्यामुळे, असं मनात आणू नका. मनूने ते मनात आणलं आणि अजून तिच्या मनातून ते गेलेलं नाही. आणि बाहेर बाकावर बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या मुलाला जे सांगावं लागणार आहे, ते आधी तुम्हीच सांगून टाका.

सोंगट्या दुर्गाताईंच्या कपाटात वरच्या खणात आहेत. मागितल्या तर त्या देतात. मला खाली आडवं करा, थोडी पावडर टाका, आणि दोन तास समोरच्याच्या हाताकडे न बघता नुसतं खेळा. मनूला ते जमलं नाही. तुम्हाला जमावं.