वळणावर थांबलेली गाडी

"मॅडम, ही गाडी रस्त्यात मेली तर तुम्ही धक्का मारता, का वायर धरून ओढत नेता?"

विचारलं एकदाचं! चंचल आणि बुधरी, माझ्या वर्गातल्या दोन नमुना मैत्रिणी, पाण्याच्या टाकीमागे तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. "विचारून दाखव सोनू, तं तुले मानलं," असं म्हणत त्यांनीच मला पुढे ढकललं होतं. मागच्या वर्षीची सोनू असती तर तीही टाकीमागेच बसली असती. पण यंदा शाळेच्या कार्यक्रमात मी माईकवर बोलले, आणि तेव्हापासून तोंडाला लगामच राहिला नाही.

विजेवर चालणाऱ्या त्या गाडीतल्या बाई पांढऱ्या केसांच्या होत्या, एकट्याच होत्या आणि अजिबात रागावल्या नाहीत.

"नुसतं विचारतेस का मदतही करतेस?" त्या म्हणाल्या. "ही मरायलाच टेकली आहे."

नागपूरहून निघाल्या होत्या, आलापल्लीला जायचं होतं. चंद्रपूरला चार्जिंगच्या मशीनपुढे रांग दिसली, म्हणून म्हणे पुढे बघू. पुढे काय, पुढे आम्ही!

आम्ही म्हणजे गोंडपिपरीहून आष्टीला जाताना वळणावर जे कौलारू हॉटेल दिसतं ते. दिसतं म्हणजे, अजून तरी दिसतं. दिवाळीनंतर ते बंद होणार होतं. बाबांनी कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी धरली होती आणि आम्ही सगळे तिकडे जाणार होतो. रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या आमच्यासमोरून अशा जातात की शिट्टी मारायलाही वेळ मिळत नाही. मला हे हॉटेल सोडायचं नव्हतं. पण माईकवर बोलणं वेगळं आणि बाबांपुढे बोलणं वेगळं.

आई आतून आली तेव्हा चांगलीच खजील झालेली होती. "बाई, तुमी आल्याचं समजलंच नाई मले! आवाजच नाई आला."

आईचं हे असं आहे. पूर्वी ती गाडी न बघता ओळखायची. दूरवर घुर्र झालं की म्हणायची, ही राजुऱ्याची मेटाडोर, हा लाकडाचा ट्रक, यात दोघंच. तेवढ्यावर ती तेल तापवायला ठेवायची आणि माणूस बाकावर टेकेपर्यंत झिंगे कढईत पडायचे. आणि बाबांची काळी-पिवळी जीप! ती तर मीसुद्धा ओळखायचे. दुसऱ्या गिअरमध्ये खोकायची. आली की दहा-बारा माणसं उतरायची, कोंबड्या उतरायच्या, मोहाच्या टोपल्या उतरायच्या, आणि बाबा इंजिनात पाणी ओतेपर्यंत आमच्या अंगणात जत्रा. मी चौथीत असताना जीप विकली. त्या दिवशी आईने उगाचच तेल तापवलं होतं.

"इथे वायर लावता येईल का, गोकुळाबाई?" बाई म्हणाल्या.

आई जागच्या जागी थांबली. "माझं नाव तुमाले कसं मालूम?"

"अहो, मी साधना! आश्रमशाळेची मास्तरीण. दर सोमवारी बाबुलालभाऊंच्या जीपमध्ये पुढे बसायची. एकदा माझ्या मांडीवर बकरीचं पिल्लू दिलं होतं त्यांनी."

बाबा खाटेवरून असे उठले, जसे कोणी हॉर्न वाजवला. "मॅडम! ते पिल्लू तुमच्या पिशवीतले पेपर खाऊन गेलं होतं!"

"सहामाहीचे! मी सगळ्यांना पास केलं."

मग काय, बाबांनी स्वतः वायर ओढली आणि पाण्याच्या मोटारीच्या मोठ्या सॉकेटमध्ये लावली. चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली. पुन्हा लाल.

"अर्थिंग नाही म्हणतोय," बाई वाकून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"असं कसं? आहे ना," बाबा म्हणाले. ते हॉटेलच्या मागे गेले, मीही गेले. वायरमनने अर्थिंगचा, म्हणजे वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा खड्डा मुद्दामच भांडी घासायच्या जागेवर केला होता, रोज खरकटं पाणी पडून ओला राहावा म्हणून. एके काळी तिथे इतका चिखल असायचा की बदकं पोहायची. आता जमिनीला बोट जाईल एवढी भेग. गिऱ्हाईक नाही, तर भांडी नाहीत. भांडी नाहीत, तर पाणी नाही.

बाबा त्या भेगेकडे पाहत राहिले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी जोरात ओरडले, "चंचल! बुधरी! हसून झालं असन तं बादल्या आणा!"

"आमी गिऱ्हाईक आहोत तुमचे!" टाकीमागून उत्तर.

"फुकट चहा पेणारे गिऱ्हाईक! आणा म्हणतो ना!"

आम्ही तिघींनी बादलीवर बादली ओतली. माती पाणी अशी प्यायली, जशी परीक्षेहून आलेली पोरं पितात. बाबांनी पुन्हा वायर लावली. लाल... लाल... हिरवा!

बुधरीने अशी किंकाळी मारली की कोंबड्या छपरावर.

"आता दोन-तीन तास तरी हलता येत नाही," साधना मॅडम म्हणाल्या. "घाई करूनही उपयोग नाही. हिला हळूहळूच प्यायची सवय आहे."

आणि मग ती दुपार आली, जी मला वाटलं होतं की परत कधी येणार नाही. आईने झिंगे टाकले. मॅडम बाकावर पाय वर घेऊन बसल्या. बाबा नुसतं बोलत होते: पुरात जीप कशी अडकली, बाळंतीण घेऊन बैलगाडीच्या रस्त्याने कसे गेले, आईचा भाऊ पोचूमामा टपावर झोपून थेट अहेरीला कसा पोचला. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं! रस्त्यावरून जाणारा एक टेम्पो उभी गाडी बघून थांबला. मग दोन मोटारसायकली. "काऊन थांबले एवढे?" म्हणत बघायला आले आणि चहा मागून बसले.

"या गाड्या वाढणार," मॅडम निघताना म्हणाल्या. "आणि प्रत्येकीला कुठेतरी बसावंच लागेल."

गाडी गेली. आवाज नव्हता, म्हणून आम्ही वळणापर्यंत बघत राहिलो. मैत्रिणी घरी गेल्या. आई भांडी घासायला बसली, आणि बाबा तिच्या शेजारी उभे राहून म्हणाले, "चांगली गेली दुपार. पण एका गाडीनं घर चालत नाई, गोकुळा. कोरपन्याले दिवाळीनंतर निघूच."

आई खाली मान घालून म्हणाली, "हो."

मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुमी नोकरीले जा. आई, तुले जायचं असन तं तूही जा. मी बारावीपर्यंत इथंच मामा-मामीकडं राहीन, शाळेतून आली का हॉटेल उघडीन, अन् पुढं विजेचंच शिकीन. मी कोरपन्याले येत नाई."