चार मागितले, तीन मिळाले

बांगवेउलू तळ्याकाठच्या इस्पितळात मी मुलांच्या वॉर्डची मुख्य नर्स होते. माझ्या मुलीचं नाव न्गोसा, म्हणून सगळे मला बाना न्गोसा, म्हणजे न्गोसाची आई, म्हणत. हवेतून ऑक्सिजन काढून देणारी बारा यंत्रं आमच्या वॉर्डात होती आणि इस्पितळातली सगळी यंत्रं सांभाळायला एकटे मेकॅनिक बा कासोंदे. त्यांनी आम्हा नर्सांना एक काम लावलं होतं. दर सोमवारी प्रत्येक यंत्र किती तास चाललं तो आकडा वहीत लिहायचा. मी जाम कुरकुरायचे.

"बा कासोंदे, आम्ही नर्सा की मीटरवाले? बंद पडलं की सांगूच ना!"

"बंद पडलेल्यांचं मला कळतंच, बाना न्गोसा. चालू आहेत त्यांचेही तास हवेत. नुसती लवकर मेलेलीच माणसं मोजली, तर या गावात कुणी म्हातारं होतच नाही असं वाटेल."

दोन वर्षांनी त्यांनी आकडे जुळवले. आमच्या वॉर्डातली बारा यंत्रं मिळून दीड लाखावर तास चालली होती आणि त्यांतला हवा दाबणारा कॉम्प्रेसर बारा वेळा जळाला होता. म्हणजे साधारण तेरा हजार तासांमागे एक. आमच्याकडे थंडी जून ते ऑगस्ट; ते तीन महिने बाराही यंत्रं रात्रंदिवस चालतात, तेवढ्यात दोन जाणार. त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांकडे जास्तीचे कॉम्प्रेसर मागितले चार.

साहेब हसले. "दोन जाणार म्हणतोस, मग चार कशाला? एक घरी लावतोस की काय?"

"साहेब, दोन ही सरासरी झाली. एखाद्या वर्षी एकही जाणार नाही, एखाद्या वर्षी चार जातील. यंदाचं वर्ष कुठलं, ते मला नाही सांगता येत."

साहेबांनी वही ओढून घेतली आणि बराच वेळ पानं उलटली. शेवटी म्हणाले, "तीन ने."

जूनमध्ये एक गेला, जुलैत दुसरा. ऑगस्टमध्ये न्गोसाची आठ महिन्यांची लेक चिलेशे न्यूमोनियानं वॉर्डात आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी तिचं यंत्र थांबलं. बाकीची अकरा दुसऱ्या लेकरांना लावलेली. होता तो एक लहान सिलिंडर मी तिला जोडला, पण तो अर्धा तासही पुरेल की नाही, कोण जाणे. मी न्गोसाला बा कासोंदेंकडे पळवलं.

बा कासोंदे तिसरा कॉम्प्रेसर घेऊन धावत आले. त्यांनी तो वीस मिनिटांत बसवला.

चिलेशे सहाव्या दिवशी घरी गेली. मी तळलेले मासे आणि मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा घेऊन, लेकीला आणि नातीला बरोबर घेऊन त्यांच्या दुरुस्तीच्या शेडवर गेले. आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकले, टाळ्या वाजवून आभार मानायला लागले, तर ते उठूनच उभे राहिले.

"हे काय, हे काय! उलट मीच तुमच्याकडे येणार होतो. बाकी वॉर्डांची पानं कोरी असायची, तुमच्या वॉर्डाचा एक आठवडा चुकला नाही. त्यावर तर साहेब तीनला तयार झाले."

त्यांनी चोळून चोळून हात धुतले, चिलेशेला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बसा आता. मासे गार होतायत."